विमानात मावणारी काठी

कोणतीही लांब वस्तू दिसली की लांजेवारभाऊ विचारायचे, "विमानात मावन का?" छत्री, खराटा, मांडवाचा बांबू, काहीही. एकदा शेवग्याची शेंग पाहूनही विचारलं. जवाहरनगरात आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. ते कारखान्यात फिटर, मी तिथलाच कारकून. विमानात दोघंही कधी बसलो नव्हतो, तरी प्रश्न मलाच.

त्यांची एकुलती एक लेक सुमन लग्न होऊन पोर्ट ब्लेअरला गेली होती. आगबोटीनं गेलं तर सुट्टी येण्याजाण्यातच संपायची, म्हणून विमान. भाऊंना वैनगंगेत गरी टाकून मासे धरायचा जुना नाद. जावयानं सहज कळवलं की इकडे गळाला पिसांची खोटी माशी बांधून समुद्रातले भारी मासे धरतात, काठी मात्र दणकट लागते. झालं, काठी भाऊंच्या डोक्यात शिरली ती शिरलीच.

अखंड काठी मजबूत, पण विमानात मावायची नाही. तुकड्यांची मावेल, पण जोडावर मोडेल. लोखंडी जोड खाऱ्या पाण्यात गंजणार, म्हणून पितळी हवेत. नागपूरहून आणलेली फायबरची काठी त्यांनी आठवड्यात परत केली. "बारीक हाय. इच्यानं मेलेली मासोळी बी निंगनार नाही." पिसांपायी आमच्या कोंबड्याची शेपटी गेली. संध्याकाळी अंगणात भाऊ काठीच्या टोकाला पाण्याची बालदी बांधून उचलत आणि आजूबाजूची बिऱ्हाडं दारात येऊन बघत.

सीटखाली मावते का ते पाहायला एकदा त्यांनी तुकडे कारखान्याच्या बसमध्ये आणले. पितळी तोंडाच्या नळ्या दारूगोळ्याच्या कारखान्यात! गेटवरच्या पहारेकऱ्यानं त्यांना खाली उतरवलं. मासोळीसाठी आहेत हे काही त्याला पटेना. शेवटी भाऊंनी तिथंच काठी जोडून दाखवली. सगळी बस खोळंबली, साहेबांची गाडीसुद्धा.

अखेर चार तुकड्यांची काठी पक्की झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, भाऊ, नुसत्या मौजेसाठी एवढा खटाटोप काहून?

ते तुकडे पुसत राहिले. मग म्हणाले, "सुमनले लेकरू नाही, बाबू. लेकरू झाल्याबिगर बापानं लेकीच्या घरचं खाऊ नाही. तिची माय हेच पाळता पाळता वारली, एक डाव बी गेली नाही तिच्याकडं. आपली मासोळी, आपला तांदूळ, त मले महिनाभर राहता येते."

"पण एवढी भारी काठी?"

"लहान मासोळीत माह्यं एकट्याचं भागते. तिघं संगं जेवाले मोठीच पाहिजे ना."

भाऊंनी कोपऱ्यातली तांदळाची थैली दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरली. चांगली जडशीळ होती.

"विमानात मावन का?"

जन्मात विमान आतून न पाहिलेला मी म्हणालो, "मावन, भाऊ."