राहत्या बापाचा पुरावा

घरातून स्वतःला वजा करायची कल्पना क्लेमसाहेबांची स्वतःचीच होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर शेवटी तुम्ही त्यांच्या बायकोला बोल लावाल.

क्लेमसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे आणि जमेल तितके नामंजूर करायचे, ही नोकरी. घर जळालेला माणूस समोर रडत असला तरी ते शांतपणे म्हणत, "पुरेसा पुरावा नाही. पटत नसेल तर अपील करा." (अपीलही त्यांच्याच टेबलावर यायचं, हे ते सांगत नसत. माणसाला थोडी आशा असावी.)

तर मुलं वाढवायला सरकार भत्ता देतं, तो आईबाप दोघं असलेल्या घराला चिमूटभर आणि एकटीनं मुलं वाढवणाऱ्या बाईला चांगला घसघशीत, असा नियम त्यांच्या वाचनात आला आणि साहेबांचे डोळे लकाकले.

"आपण वेगळे राहतो असं सांगायचं," ते बायकोला म्हणाले. "कागदोपत्री हं."

"लाज नाही वाटत?"

"दोन मुलांची फी भरताना घाम फुटतो, लाज कुठून वाटणार! आणि खोटे दावे पकडण्यात माझी हयात गेली. खोटा दावा कुठे फसतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

"मुलांना मी खोटं बोलायला शिकवणार नाही. सांगून ठेवते."

"नको शिकवूस. फक्त मला गायब होऊ दे."

अर्ज गेला. सरकारी बाई घरी चौकशीला यायच्या होत्या, त्या दिवशी साहेबांनी खास रजा टाकली. घरभरच्या आपल्या खुणा पुसायच्या म्हणजे दिवस मोडणार, असा त्यांचा अंदाज. पाच शर्ट, दाढीचं सामान, चपला, चष्म्याचं घर, चार्जर. एक बॅगसुद्धा धड भरेना. बायकोनं गॅसवर ठेवलेला चहा अजून उकळला नव्हता. मग साहेब भिंतीवरचे स्वतःचे फोटो उतरवायला गेले. भिंतभर फोटो होते. थोरली सायकलवर, धाकटा पहिला पडलेला दात तळहातावर घेऊन. साहेब एकातही नव्हते.

"फोटो काढणारा फोटोत कसा दिसणार म्हणा!" ते हसून म्हणाले.

"मी काढलेत," बायको चहा गाळत म्हणाली. "तुम्ही ऑफिसात होता."

साहेबांनी चहा घेतला आणि बॅग उचलून ते जिन्यात, वरच्या वळणावर जाऊन बसले. उकाड्यामुळे घराचं दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

थोड्या वेळानं चौकशीवाल्या बाई आल्या. मुलांना जवळ बसवून त्यांनी विचारलं, "शाळेत कोण सोडतं तुम्हाला?"

"आई," थोरली म्हणाली.

"ताप आला की जवळ कोण बसतं?"

"आईच."

"आणि बाबा?"

"बाबा ऑफिसात असतात."

"मग भेटतात कधी?"

"रविवारी," धाकटा म्हणाला. "पण तेव्हा ते झोपलेले असतात. आवाज करायचा नसतो."

बाई हळहळल्या. "असू दे हं, बाळा. येतात तरी. काहींचे तेवढेही येत नाहीत."

खरं तर जिन्यात बसलेल्या साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हवी होती. एक अक्षर खोटं न बोलता दावा फत्ते होत होता! पण पोटची पोरं आपल्याला वजा करतात, आणि तेही नुसतं खरं बोलून? त्यांना ते सोसवेना. भत्ता गेला खड्ड्यात म्हणत ते बॅगेसकट तरातरा खाली उतरले आणि घरात घुसले.

"ओ बाई! मी यांचा बाप आहे! मी इथेच राहतो!"

(खोटा दावा पकडण्यात हयात गेली म्हणतात ती अशी.)

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या बॅगेकडे. "वडील आहात, मान्य. भत्ता मंजूर व्हायची वेळ आली की वडील उगवतातच. माझं हे रोजचं आहे. इथेच राहता ना? मग थोरली कितवीत आहे, सांगा."

"चौथीत!"

"पाचवीत," थोरली जमिनीकडे बघत म्हणाली. "चौथी कधीच झाली, बाबा."

"आणि धाकट्याला कशाचा त्रास होतो?"

"अभ्यासाचा," साहेब म्हणाले. कुणी हसलं नाही.

"शेंगदाण्याचा," बायको म्हणाली. "दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलंय."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"दोन्ही वेळा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही 'हं' म्हणालात."

"बरं, त्याचं औषध तेवढं काढून दाखवा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी ड्रॉवर ओढला, चमचे निघाले. कपाट उघडलं, चादरी अंगावर आल्या. तिसरं दार उघडायला गेले तर ते बाथरूमचं होतं. शेवटी धाकट्यालाच त्यांची दया आली.

"फ्रीजवर आहे, बाबा," तो म्हणाला. मग त्यानं खुर्ची पुढे सरकवली, पाण्याचा ग्लास भरून आणला आणि म्हणाला, "बसा ना." पाहुणे आले की आईनं त्याला हेच करायला शिकवलं होतं.

साहेब बसले. ग्लास त्यांनी दोन्ही हातांत धरला.

बाई बायकोकडे वळल्या. "तुम्ही सांगा. हे इथे राहतात?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. घर जळालेली माणसं टेबलापलीकडून त्यांच्याकडे पाहायची, अगदी तसं. एक 'हो' म्हण गं बाई, जन्मभर उपकार विसरणार नाही.

"तुम्ही जे पाहिलंत," बायको म्हणाली, "ते लिहा."

बाईंनी लिहून घेतलं. "वडील इथे राहतात याला पुरेसा पुरावा नाही. भत्त्याची शिफारस करते. पटत नसेल तर अपील करा," साहेबांना एवढं सांगून त्या गेल्या.

संध्याकाळपर्यंत बॅग दारातच होती. कुणी आत नेली नाही, कुणी बाहेरही ठेवली नाही.

"ही आत नेऊ का?" साहेबांनी विचारलं.

"तुमची बॅग, तुमचं घर. मला काय विचारता?"

"नाही म्हणजे, मग भत्त्याचं कसं?"

बायकोनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की प्रश्न परत गिळता आला असता तर साहेबांनी तो न चावताच गिळला असता.

"एवढंच जिव्हारी लागलंय तर अपील करा ना," ती म्हणाली. "पुरावा गोळा करा. थोरलीचं गणित अडलंय, तिथून सुरुवात करा."

साहेब मुकाट्यानं थोरलीशेजारी बसले. वही ओढली, चष्मा लावला, उदाहरण दोनदा वाचलं, खाडाखोड केली आणि घाम पुसला. थोरली बराच वेळ शहाण्यासारखी थांबली. मग तिनं हळूच वही परत घेतली.

"राहू द्या, बाबा. हे पाचवीचं आहे. तुम्ही अजून चौथीत आहात."