सुभानराव आबदारांनी प्याली काठोकाठ भरली, त्याची हकीकत

श्रीगजवदनास वंदन करून, लेखणीस पदरचे काही न घालण्याची शपथ घालून लिहिले जाते ऐसे जे, शके सोळाशे एकुणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरी, कार्तिक मासी, समुद्रकाठच्या या दौलतीत पैलतीरीच्या शेखाचा वकील मसऊद तहास आला. कारण की, सात वर्षांमागे शेखाने या दौलतीचे गलबत धरिले, एकवीस माणूस तिकडे अटकेत पडले, तह जाहला तर सुटतील, एरवी सुटकेचे नाव नको. त्या एकवीसांत सुभानराव आबदार यांचा धाकटा भाऊ मानकोजी. सुभानराव म्हणजे दरबारी पाणी, सरबत देणारे, हात मोठा सढळ; परंतु सात वर्षे दिवाळीस गोड खाल्ले नव्हते.

वकिलाने वाळूवर डेरा दिला आणि दिवाणसाहेबांस बोलाविले आणि काळे बी भाजून, कुटून, उकळून कहवा केला, मग प्यालीत ओतला तो बोटभर! दिवाण थक्क. म्हणाले, "अहो, एवढे तर आम्ही आचमनास घेतो!" मग वकील सांगते जाहले की, हे झाड मूळ हबशाणचे, तेथे बाया पाहुण्यादेखत बी भाजून तीनदा पाजितात, आणि यमनचे फकीर जपात डुलकी न यावी म्हणून पितात, आणि रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या, राजधानीत तर याची दुकाने, थोर थोर लोक तेथे बसून गप्पा हाणितात. "दुकानात बसून? यांस घरदार नाही काय?" ऐसे म्हणून दिवाणांनी कपाळास हात लाविला. दिवाणांसोबत आलेल्या सुभानरावांचे तिकडे ध्यान नव्हते. ते ओतणाऱ्याचा हात पाहत होते, कारण दुसरे दिवशी दरबारात तोच कहवा त्यांस करणे होता.

दुसरे दिवशी दरबार भरला, महाराज म्हणाले, "सुभानराव, होऊ द्या." सुभानरावांनी मनी आणिले की, माझा मानकोजी यांच्या ताब्यात, येथे चिक्कूपणा केला तर जळो माझे जिणे! आणि प्याली भरली ती काठोकाठ, वर शीग, दोन थेंब गालिच्यावर. हर हर! वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. प्यालीस ओठ न लाविता तो उठला, छातीस हात लाविला आणि चालता जाहला. मग दुभाषी सुलेमानजी हळूच बोलिले, "महाराज, यांच्या देशी थोडे ओतणे म्हणजे बसा, आणखी घ्या. भरून देणे म्हणजे प्या आणि चालते व्हा."

"मेल्या, मग आधी का नाही बोललास?" दिवाण ओरडले.

"मला कोणी विचारिले कोठे?"

सुभानराव तसेच उठले, एका हाती किटली, एका हाती प्याली, पायी जोडा नाही, पागोटे सुटलेले, ऐसे दरबारातून धावत सुटले. दुभाषी मागे धापा टाकीत. वाळूवर डेऱ्याच्या दोऱ्या सुटत होत्या. सुभानराव गुडघ्यावर बसले, बोटभर कहवा ओतला आणि उजव्या हाताने पुढे करून म्हणाले, "साहेब, आमच्याकडे अर्धे भांडे वैऱ्यासही देत नाहीत. मी अडाणी. माझा भाऊ तिकडे आहे हो!" दुभाष्याने तेच सांगितले. वकिलाने वाळूने भरलेले ते पाय पाहिले, आणि खाली बसला, आणि प्याला, आणि प्याली पुन्हा पुढे केली. ऐसे तीनदा. मग तह जाहला.

पौषात एकवीस असामी उतरले. मानकोजी घरी आला, दाढी वाढलेली, बोलणे कमी. सुभानरावांनी आपल्या हाताने दुधाचा पेला भरला, मायेने, काठोकाठ, आणि भावापुढे ठेविला. मानकोजी त्याकडे पाहतच राहिला. मग उठला, बोचके काखेस मारिले आणि म्हणाला, "बरे, येतो मी, दादा."

सुभानरावांनी कपाळ बडविले. पाणी देण्यात केस पांढरे जाहले, आणि दुसऱ्यांदा तेच! मग भानावर आले, धावून पेला उचलिला, दूध पातेल्यात परत ओतिले, तळाशी घोटभर ठेविले, आणि रडत रडत म्हणाले, "बैस रे, बाबा, बैस."

मानकोजी बसला, प्याला, आणि पेला पुन्हा पुढे केला.

तात्पर्य, घोट घोट करिता पातेले रिते होण्यास दुपार जाहली, आणि दोघांपैकी कोणी उठले नाही. येणेप्रमाणे हकीकत.