तानुबाईचं मौन

तानुबाईचं कुणी खरंच मानलं न्हाई. अजून मानत न्हाईत. आमच्या झरी गावात कुणालाबी सांगून बघा की तानुबाई आपल्या मर्जीनं दोन दिवस गप बसली होती. ऐकणारा हातातली कपबशी खाली ठेवतो आन मग हसतो. देवळावरचा भोंगा बंद पडला तर जिला ओट्यावर उभी करावी असा जिचा गळा, ती बाई गप? आन ते बी मर्जीनं?

पण बसली होती. त्याचं असं झालं.

गावातल्या बायकांनी परभणीच्या नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरवलं. शिकवायला किशनरावाची पुतणी वैष्णवी आली. नाटकाचा कोर्स केलेली, चोवीस वर्षांची चष्मेवाली पोरगी. तिनं तानुबाईला अंगणातून कोंबड्या हाकलताना ऐकलं आन खाष्ट सासूचं काम उभ्या उभ्या देऊन टाकलं. बेचाळीस वाक्यं! अख्ख्या नाटकात एवढी कुणालाच न्हवती.

बावन्नाव्या वर्षी हे काय खूळ, असं लोक म्हणाले. लोकांना काय माहीत? चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमधे तानुबाई राणी होणार होती. पुठ्ठ्याचा मुकुट बी डोक्याच्या मापानं कापून झाला होता. नेमकं त्याच दिवशी बापानं कापूस वेचायला नेलं. मुकुट दुसऱ्याच पोरीच्या डोक्यावर गेला, आन शाळा बी तिथंच सुटली. त्याला बेचाळीस वर्षं झाली होती. म्हणजे वर्षामागं एक वाक्य. आता हे काम ती कुणाच्या बापाला सोडणार न्हवती.

वैष्णवीची शिकवण मात्र वेगळीच. "मावशी, नटाचं अंग आणि मन हीच त्याची अवजारं. कुळव घासूनपुसून ठेवता ना? तसं स्वतःला ठेवायचं." भजी बंद, लोणचं बंद, रोज कोमट पाण्याच्या गुळण्या. आन तालीम संपली की सासू अंगावरून झटकून टाकायची. हात झटका, पाय झटका, डोळे वटारा, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढा आन शेवटी स्वतःचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्या. "भूमिका घरी न्यायची नाही. चप्पल काढतो तशी दाराबाहेर काढायची."

पहिल्या आठवड्यात तानुबाई सासू काढायची विसरली आन तशीच घरी गेली. ध्यानात आल्यावर घाबरून तिनं सुनेला विचारलं, "सविता, चार दिवस मी अंगात सासू घेऊन हिंडायले. तुला लय तरास झाला का गं?"

"कोणते चार दिवस, आत्या?" सविता म्हणाली. "मला तर फरक कळला न्हाई."

(हे तानुबाईनं वैष्णवीला सांगितलं न्हाई.)

झटकायचं सगळं ती मन लावून करायची, पण नावापाशी गाडी अडायची. "मी तानुबाई..." आन पुढं नवऱ्याचं नाव. ते तिनं जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, नणंदेनं दार अडवलं तवा, उखाण्यात. त्यानंतर बत्तीस वर्षं नुसतं 'महारुद्रचे बाप'. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तरी ती कार्डावर बोट ठेवायची. (आपण बी त्यांना मालक म्हणू. तिची मर्यादा आपण कशाला मोडायची?)

"मावशी, पूर्ण नाव घेतल्याशिवाय भूमिका पूर्ण उतरत नाही."

"मग ऱ्हाऊ दे जराशी अंगावर. थंडीचे दिवस हायत."

स्पर्धा उद्यावर आली आन तानुबाईचा गळा खरखरायला लागला. वैष्णवीनं हुकूम सोडला. "आजपासून एक शब्द नाही. प्रयोगाच्या घंटेपर्यंत मौन. नाहीतर आवाज बसला म्हणून समजा." आन घरच्यांनी तिला बोलतं करू नये म्हणून चार ओळींची चिठ्ठी लिहून मालकांच्या हातात दिली. मालकांनी ती घडी घालून टोपीत ठेवली.

पहिला दिवस निभला. सविता महारुद्रला घेऊन माहेरी पालमला गेलेली, घरात दोघंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाईनं डोक्यावरून अंघोळ केली, केस मोकळे सोडले, मळवट भरला (सासूला लागतो) आन गोठ्यामागं जाऊन झटकायला सुरुवात केली. हात झटकले, पाय झटकले, डोळे वटारले. जीभ हनुवटीला लावायची आन शेजारची बायनाबाई वाटी घेऊन विरजण मागायला यायची, एकच गाठ पडली.

बायनाबाईची वाटी हातातून सुटली. "आगं माय! तानुच्या अंगात आलं!"

तानुबाईनं जीभ आत घेतली, मान हलवली, हात हलवले. बोलायची मात्र सोय न्हवती.

"भाऊजी, कधीपासून हाय हे?" बायनाबाईनं ओसरीवर बसलेल्या मालकांना विचारलं.

मालकांनी उसासा सोडला. "काय की बाई. कालपासून बोलना झाली."

"बोलना झाली? तानु?" बायनाबाईनं जागेवरच हात जोडले. "मग तर देवीच! माणसाच्या हातून व्हायचं काम न्हाई ते."

अर्ध्या घंट्यात अंगण भरलं. नारळ आले, हळदीकुंकू आलं. तानुबाईला पाटावर बसवलं. किशनराव पाया पडून म्हणाला, "आई, म्हैस कधी विईल?" तानुबाईनं पंजा उगारला. म्हणजे 'निघतोस का देऊ एक ठेवून?'

"पाच दिवसांनी!" किशनराव खूश होऊन उठला.

बारा वाजता परभणीची एस्टी होती आन सव्वाअकरा होऊन गेले होते. तानुबाई पाटावरून उठली. पुन्हा तेच? बेचाळीस वर्षांमागं कापूस आडवा आला, आज काय नारळ आडवे येणार? तिनं चुलीतला कोळसा आणला आन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी बरी हाय. मला नाटक हाय.'

बायनाबाईनं बोट लावून वाचलं आन डोळ्याला पदर लावला. "खरं हाय गं आई! सगळा संसारच नाटक हाय!"

सगळ्यांनी पुन्हा डोकं टेकवलं. मालकांनी बी टेकवलं.

तेवढ्यात नाटकातल्या बाकीच्या बायकांना थांब्यावर सोडून वैष्णवी धावत आली. "मावशी, बस येतेय! हे काय चाललंय?"

"पोरी, बाजूला सरक, देवीला विचारायलाव." बायनाबाई पुढं झाली. "कोण हायस तू? नाव सांग!"

"सांगा मावशी," वैष्णवीला एकदम सुचलं, "आपण रोज घेतो तसं, पूर्ण नाव! म्हणजे यांना कळेल तुम्हीच आहात."

"घे म्हणावं," बायनाबाई ठसक्यात म्हणाली. "तानु काय उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घ्यायची न्हाई. घेतलं तर समजा ही देवीच."

म्हणजे नाव घेतलं तर देवी, न घेतलं तर बी देवी. रस्त्यावर एस्टीचा हॉर्न वाजला. आन तानुबाईचा बांध फुटला.

"उठा! उठा तुमच्या...! मी तानुबाई हाय, तानुबाई, महारुद्रची माय! तुझ्या म्हशीला आग लागो किशन्या! बायने, मागचं विरजण दिलंस का परत? हे नारळ उचला न्हाईतर एकेकाच्या टाळक्यात फोडते!"

दोन दिवसांचं साचलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. फाटकापर्यंत ओरडली, रस्त्यावर ओरडली, कंडक्टरवर ओरडली. गाव समाधानानं घरी गेलं. तानु बरी झाली होती.

पण बसमधे तिनं 'पाणी द्या' म्हणायला तोंड उघडलं तर नुसता वारा आला. गळा पार गेला होता.

वैष्णवी कपाळाला हात लावून बसली. नाटक बघायला संगं निघालेल्या मालकांनी शेजारी घाम पुसायला टोपी काढली, आन टोपीतून चिठ्ठी पडली.

"काका! ही मी तुम्हाला दिली होती! वाचली नाही का?"

"वाचली की."

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला रेडिओवरच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकू आल्या. अजून अर्धा दिवस सुकून मिळाला तर बघावं म्हणलं."

तानुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात बेचाळीस वाक्यं होती. आवाज एकाला न्हवता.

चार वाजता पडदा उघडला. बेचाळीस वाक्यांच्या सासूनं डोळे वटारले, हात नाचवले, पाय आपटले, छाती बडवली. शब्द म्हणून एक फुटला न्हाई. सून झालेली बाई शहाणी, दोघींची वाक्यं एकटीच म्हणत सुटली. तानुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते काही नाटकातलं न्हवतं, पण लोकांना काय माहीत? टाळ्या थांबता थांबेनात.

आन बक्षिसात तिचं नाव निघालं. 'मुक्या सासूच्या हृदयस्पर्शी भूमिकेसाठी' उत्तेजनार्थ. नाटकात मुकी सासू कुठंच न्हवती. झरीच्या बायका पदरात तोंड घालून हसून लोळायच्या बाकी होत्या.

परीक्षकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली आन माईक तोंडाजवळ धरला. "ताई, असं मौन अंगी यायला स्वभावच शांत लागतो. हे तुम्हाला साधलं ते कुणामुळं? त्यांचं नाव सांगा."

मागच्या रांगेत मालक कौतुकानं टोपी सारखी करत होते.

तानुबाईनं माईक दोन्ही हातांनी धरला. घसा खाकरला. दुपारपासून गेलेला आवाज कुठून आला देव जाणे, पण आला. बत्तीस वर्षांची मर्यादा, गळा आन सासू, तिन्ही एकदम मोकळी झाली आन सभागृहाच्या भिंती हादरल्या,

"दिनकरराव!"