चार पॉइंट चार आणि माझी वही

आमच्या घरात काहीही बिघडलं की कारण मी शोधते. दूध नासलं तर ते कोणत्या भांड्यात होतं, मिक्सर जळला तर शेवटचं बटण कोणी दाबलं, सगळं माझ्या वहीत तारीखवार सापडतं. म्हणूनच मालेगावातले आमचे नातेवाईक माझ्याकडे चहासुद्धा जपून पितात.

माझे मियां शादाब लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतात. मे महिन्यातल्या एका बुधवारी शेलूबाजारकडच्या तांड्यावरून गोमतीबाई आल्या. त्यांच्या नीताच्या लग्नाचं शूटिंग आमचंच.

"शादाबभाऊ, पोरगी अन् जवाई शुक्रवारी सुरतले चालले," त्या म्हणाल्या. "मले पोरीच्या बाजूले बसून पिक्चर पाहाचा हाय. ती गेल्यावर एकटीनं पाहून मी नुसती रडीन."

"शुक्रवारी बारा वाजता घेऊन जा," शादाब म्हणाले. जणू पिक्चर खिशातच होता!

काटछाट झाली होती. आता फक्त सगळे तुकडे जोडून कॉम्प्युटरनं तीन तासांचा एक पिक्चर करायचा होता. ते काम तो आपला आपण करतो, पण अकरा तास घेतो. सोडलं असतं तर रात्री झालं असतं. पण शादाबनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं.

"याचा प्रोसेसर तीन पॉइंट सहावर चालते. कंपनीनं दाबून ठेवला. मी चार पॉइंट चारवर नेतो. नऊ तासांत काम खतम."

"कंपनीची काय दुश्मनी होती त्याच्याशी?"

"अवं, घोड्याले कोणी रोज पूर्ण पळवते का?"

"मग तुमी काहून पळवून राह्यले?"

ते पेचकस शोधायला उठले. पण खरं सांगते, मलाही उत्सुकता होतीच. बिस्किटाएवढा तुकडा, आणि सेकंदाला चारशे चाळीस कोटी ठोके! माझं काळीज लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतकं धडधडलं नव्हतं.

ठोके वाढले की ताप चढतो. म्हणून शादाबनी कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडली आणि घरातला एकुलता एक कूलर सासूबाईंच्या खोलीतून उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"त्या डब्याले वाळ्याची हवा अन् मले हातपंखा," अम्मी म्हणाल्या. "करा बाप्पा, कमावतं लेकरू हाय ते."

शादाबना शिरपूरला लग्नाच्या शूटिंगला जायचं होतं. दर तासाला तापमान टिपायचं काम माझ्याकडे आलं. मी सहा रकाने आखले: वेळ, टक्के, तापमान, वीज, खोलीत कोण आलं-गेलं, कारण. कूलरच्या वाऱ्यानं पानं कोंबडीसारखी फडफडायची. तेवढ्यापुरता तो बंद करायचा, सुवाच्य लिहायचं, परत लावायचा. गिचमिड मला खपत नाही.

पहिल्या तासाला मी लिहीत होते. तापमान ७८, मग ८५, मग ९३. आकडे माझ्या पेनापेक्षा भरभर चढत होते. ९८ लिहून होईस्तोवर स्क्रीन काळी! केलेलं सगळं गेलं, परत शून्यापासून.

दुपारी तसंच. गुरुवारी सकाळी तसंच. माझी नजर अशी तेज, की मशीन बंद पडायच्या नेमक्या वेळी मी हजर! शादाबनी मात्र एकदाही तिला बंद पडताना पाहिलं नाही. बुधवारी संध्याकाळी येऊन त्यांनी आकडे थोडे खाली केले, थोडे वर केले, "आता स्टेबल होते" म्हणाले आणि सकाळपर्यंत मशीन थंड होऊ दिली.

मी वही चाळली आणि संशय शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानावर आला. धम्मरत्न ठिणग्या पाडतो, आमच्याकडे व्होल्टेज पडतं, हिशेब सरळ होता. तो चष्मा वर करून म्हणाला, "भाभी, मी तं परवापासून गेटले रंगच देऊन राह्यलो."

"तरी उद्या बारापर्यंत बंद ठेव."

"काय, रंग?"

"दोन्ही."

बिचाऱ्यानं ठेवलं. दुपारी मशीन चौथ्यांदा बंद पडली. तेवढ्यात गोमतीबाईंचा फोन आला, "बेटी, नीतानं बॅग भरली. पिक्चर झाला ना?" मी "होऊन राह्यला" म्हटलं आणि फोन ठेवून रडकुंडीला आले.

अम्मींनी वही मागितली. चष्मा लावून पाचव्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"दूधवाला अशफाक आला, लिहिलं. मी पानदान घ्याले आली, लिहिलं. मांजर आली, तेही लिहिलं. तू किती खेपा आली?"

"मी तर दर तासाला जातेच. लिहायला."

"मग तुहं नाव कुठी हाय? अन् लिहिताना माह्या कूलरचा आवाज काहून बंद होते?"

मी वहीकडे पाहिलं. मग कूलरकडे. मग कुठंच नाही.

अम्मींनी त्या खोलीत आपली बाज टाकली, कूलर लावला आणि मला आत यायची बंदी केली. कूलरची अर्धी हवा डब्याला, अर्धी त्यांना. सकाळी उठून त्यांनी निरोप दिला, "झालं म्हणते ते." शादाबनी पाहिलं, चार पॉइंट चारवर नऊ तास आणि तीन मिनिटं.

"स्टेबल! मी म्हणत नव्हतो?" ते गावभर सांगत सुटले. दोन तास वाचवायला दोन दिवस गेले, हा हिशेब मी ओठांवर आणला नाही. आणायची ती वेळ नव्हती.

शुक्रवारी दुपारी गोमतीबाईंनी नीताचा हात हातात घेऊन आमच्याच खोलीत अख्खा पिक्चर पाहिला. रडल्या दोघीही, पण सोबत रडल्या.

धम्मरत्नकडे मी डबाभर शीरखुर्मा पाठवला. "भाभी, ईद तं झाली ना, कायले?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, असाच.

वहीतल्या कारणाच्या रकान्यात मात्र अजून 'वेल्डिंग' असंच आहे. पेनानं लिहिलेलं आहे, आणि खोडाखोड मला मुळीच खपत नाही.