दुसरं बोलावणं

इनासकाकांना जेवायला दोनदा बोलवावं लागतं. एकदा आधी आणि एकदा पानं वाढल्यावर. दुसरं बोलावणं गेलं नाही, तर हा गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या घरात सोफ्यावर बसून राहतो. इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत त्यांच्या समोर राहायला आलो तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे भाजी गार झाली आणि त्यांच्याकडे काका तापले.

"आमच्या वसईत पहिलं आवतण रीत म्हणून करतात," दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं. "पानं मांडल्यावर परत हाक आली, तर समजायचं, आपण हवे आहोत."

हॉटेलातही हाच कायदा. बिल कोणी द्यायचं? ज्याने दुसऱ्यांदा बोलावलं त्याने. त्यांच्या ऑफिसातल्या सुनीलने एकदा टेबलावरून फोन केला, "काका, where are you? ऑर्डर दिलीय." काका आले, पोटभर जेवले आणि बिल त्याच्याकडे सरकवून म्हणाले, "यजमान तू." तेव्हापासून त्यांना फोन करायची वेळ आली की मंडळींच्या फोनची बॅटरी संपते. काकांनी स्वतः बोलावलेलं असलं, तर मात्र खिशात हात घालायची कुणाची टाप नसते.

रेजिनाकाकी गेल्या आणि पाठोपाठ लॉकडाऊन आला. हॉटेलं बंद, लेक पर्थला, राज्यांची बॉर्डरही बंद. काका वाळत चालले होते. मग नियम निघाला, एकट्या राहणाऱ्याला एक ठरलेला माणूस घरी बोलावता येईल. काकांनी मला निवडलं.

"रविवारी जेवायला ये. नियमात बसतं, no worries."

रविवारी मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून घरीच बसलो.

"जा ना, कशाला छळतोस त्यांना?" माझी बायको शलाका म्हणाली.

"कायदा म्हणजे कायदा."

खिडकीतून काका दिसत होते. दारात यायचे, हातातल्या फोनकडे बघायचे, परत आत जायचे. शेवटी मास्क लावून रस्ता ओलांडून आले आणि बेल न वाजवता आमच्या दाराबाहेर उभे राहिले. मी दार उघडलं.

"पानं वाढली का, काका?"

"केव्हाच."

"मग हाक मारायची ना."

ते चपलांकडे बघत राहिले. "हाक रेजिना मारायची रे. पाहुण्यांना पण आणि मला पण. मी नुसता उठून जायचो. आता मटण करतो, वडे तळतो आणि बसून राहतो. कुणी बोलावतच नाही."

मला फार वाईट वाटलं. मस्करी तिथेच राहिली. मी मास्क लावला, चपला घातल्या.

"चला काका, जेवायला. गार होतंय."

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या मागोमाग स्वतःच्या घरी जेवायला आले.