नानांची टिटवी

आमच्या शेजारचे नाना ब्रेक बघत नसत, ऐकत. जुन्नरच्या पेठेमागं त्यांचं गॅरेज. कुणी गाडी आणली की नाना रस्त्याकडेला उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि ओरडायचे, "आना हळूहळू... आन् दाबा!" गाडी किंचाळायची. नाना डोळे न उघडता निकाल द्यायचे, "चिमणी हाय."

चिमणी म्हणजे ड्रममध्ये धूळ. पुसली की गप्प. रेडा म्हणजे ब्रेकचं लायनर झिजून संपलंय आणि लोखंडाला लोखंड घासतंय; अशा मालकाला नाना शिव्या घालत आणि गाडी ठेवूनच घेत. टिटवी म्हणजे लायनर चांगलं, पण काचेसारखं गुळगुळीत झालेलं. पॉलिश पेपरनं घासायचं, झालं. "टिटवीला अर्धा तास लई झाला, गुरुजी," हे मी दहादा ऐकलेलं. मी शाळामास्तर, संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर चहा पिणं हा माझा जोडधंदा.

आता गंमत ऐका. अख्ख्या तालुक्याच्या गाड्या गप्प करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या जुन्या मोटारीला अस्सल टिटवी होती! दर रविवारी दुपारी ते एकटेच ती घेऊन कुठंतरी जायचे. परतताना गल्लीच्या तोंडाशी ती अशी ओरडायची, की माझ्या बायकोच्या हातातलं दूध सांडायचं.

"नाना, काही लाज?"

"असू द्या राव, सवड न्हाई. आन् हिच्यामुळं हॉर्नबी लागत न्हाई."

चार वर्षं सवड नाही म्हणजे काय!

एकदा घाटात अडकलेल्या कुणाच्या जीपसाठी नाना दोन दिवस भीमाशंकरला गेले. चावी माझ्याकडे. म्हटलं, चला, गुरुदक्षिणा देऊन टाकू. जॅक लावला, चाकं काढली, लायनर घासलं. अर्ध्या तासाच्या कामाला मला दिवस लागला, बोटं सोलली, पण टिटवी गेली. मी खूश. नाना रविवारी सकाळी आले, जेवले आणि मोटार घेऊन निघाले. मी मुद्दामच काही बोललो नाही.

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली ती कळलीसुद्धा नाही. नाना येऊन बाकड्यावर मटकन बसले.

"टिटवी तुमी घालवली?"

"कशी वाटली?"

"काम झ्याक केलंत. तिथंच घोळ झाला."

मग पहिल्यांदाच नाना घरचं बोलले. बायको कधीच गेलेली. एकुलती लेक मंगल, तिनं स्वतःच्या पसंतीनं पिंपरी पेंढारच्या मुलाशी लग्न केलं. नानांनी रागानं अबोला धरला आणि धरला तो धरलाच.

"तिच्या घराम्होरं वळण हाय. तिथं ब्रेक दाबतो. टिटवी वरडली की ती हात पुसत अंगणात येती. ती बघती, मी बघतो. मग मी गियर टाकतो."

"आणि आज?"

"आज कशाला येतीया? दार उघडं व्हतं. आत कुकर वाजत व्हता. बसलो घटकाभर, आलो माघारी."

"अहो, मग हॉर्न वाजवायचा!"

नाना माझ्याकडे बघत राहिले. "हॉर्न वाजवला म्हंजी मी हाक मारली असं व्हतं, गुरुजी. ब्रेक काय, आपसूक वाजतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या पॉलिश पेपरला शिव्या देत मी घरी गेलो.

बुधवारी मंगल आली. एसटीनं, घामाघूम. नाना एका टेम्पोखाली आडवे झालेले. तिनं मलाच विचारलं, "नाना बरं हायेत ना? रविवारी गाडी आली न्हाई."

टेम्पोखालची खुडबुड थांबली. मग पाना मागायला निघतो तसा नानांचा काळा हात बाहेर आला आणि तसाच राहिला. मंगल खाली बसली. पान्याकडे बघितलंही नाही, तिनं तो हातच धरला. तिच्या बांगड्या ग्रीसनं माखल्या. मला तर तिथून उठावं की बसावं, तेही कळेना.

शेवटी टेम्पोखालून आवाज आला, "आलो व्हतो गं. गाडी वाजली न्हाई."

पुढच्या रविवारी निघताना नानांनी दारातच हॉर्न दाबून बघितला. वापराविना त्याचा पार घसा बसला होता. पुन्हा दाबला. मग खिडकीतून मान बाहेर काढून मला विचारलं,

"गुरुजी, अंगणापतुर ऐकू जाईल का हो?"