खैरनारांचा न मरणारा बुटका

खैरनार मरत नाहीत, ही त्यांची मुख्य भानगड. म्हणजे खऱ्या आयुष्यात त्यांना शुगर आहे, गुडघा दुखतो, सगळं यथास्थित आहे. पण दर रविवारी दुपारी सिल्वासातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं जो खेळ खेळतो, त्यात गेल्या दीड वर्षात हा माणूस एकदाही मेलेला नाही.

खेळ तसा साधा. प्रत्येकाने कागदावर एक पात्र रचायचं. योद्धा, जादूगार, चोर, काय हवं ते. मी गोष्ट सांगणार, वाटेत राक्षस सोडणार. ते वीस बाजूंचा फासा टाकून लढणार. पात्राचे प्राण संपले की खेळाडू बाद. आता बाद झालेली माणसं सोफ्यावर बसून जिवंत माणसांना फुकटचे सल्ले देतात. म्हणून मी कपाटावर कागदच चिकटवलाय : 'जो मेला, त्याने घरी जायचं.' बाकीचे दोघे, प्रणव आणि हेतलबेन, कितीदा तरी गेलेत. खैरनार कधीच नाही.

खैरनार इथून जवळच्या सायली गावातल्या एका सुताच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. दिवसभर बॉबिन डोळ्यांशी धरायचं, धाग्यातली खोट शोधायची आणि लाल टॅग लावायचा. खेळाच्या नियमांचं जाडजूड पुस्तकही त्यांनी तसंच वाचलं. आम्ही त्यातली चित्रं बघितली, यांनी तळटिपा! त्या तळटिपांतून एक बुटका तयार झाला. कातडी दगडाची, त्यामुळे तलवार लागत नाही. दगडाला झोप नसते, म्हणून झोपेचा मंत्र चालत नाही. विष पाजलं तर उलट तब्येत सुधारते. एवढं करून मेलाच, तर गळ्यातल्या ताईतामुळे पुन्हा उठून बसतो.

"अहो, असं कुठे असतं का?" मी म्हटलं.

"लिखित आहे सर. खालून तिसरी ओळ."

हे त्यांचं पालुपद. मी काहीही नाही म्हटलं की पुस्तक पुढे सरकवतात आणि शांतपणे म्हणतात, "लिखित दाखवा."

शेवटी माझ्या कंपनीत माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचमधल्या हेतलबेन वैतागल्या. "आ तो चीटिंग छे! राक्षस येतो, भाऊंना मारून मारून स्वतःच दमतो. आम्ही काय, टाळ्या वाजवायच्या?" पुण्याचा प्रणव तर म्हणाला, "एक तर तो बुटका राहील, नाहीतर मी."

मला मात्र राहून राहून कुतूहल वाटायचं. जिंकायची हाव म्हणावी, तर लूट वाटताना हा माणूस काही घेत नाही. जादूची तलवार प्रणवला, मुकुट हेतलबेनना. स्वतः फक्त जिवंत राहायचं. अरे बाबा, एवढा जीव वाचवून करायचंय काय?

पण दोन माणसं गेली तर खेळच बसला. मागच्या रविवारी मी त्यांच्याच खिशातला लाल टॅग काढून बुटक्याच्या कागदाला लावला. "रिजेक्ट!" आणि माझ्याकडचं एक तयार पात्र त्यांना दिलं : गावातला आचारी, प्राण आठ, हत्यार झारा. खैरनारांनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा.

"तळटीप नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

तासाभरात राक्षसाने हेतलबेनच्या पात्रावर, एका तिरंदाज मुलीवर, गदा उगारली. तिचा एकच प्राण उरला होता.

"आचारी मध्ये जातो," खैरनार म्हणाले.

"अहो, मराल!"

"बेनना आत्ताच कशाला घरी पाठवता? मी जातो."

मी राक्षसाचा फासा टाकला. एकोणीस. आचारी खलास! प्रणवने टेबल वाजवलं. खैरनारांनी आपला फासा डबीत ठेवला, चपला घातल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले.

दहा मिनिटांनी बघतो तर त्यांचा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा टेबलावरच. तो घेऊन मी खाली धावलो. फार लांब जावं लागलं नाही. खालच्या मजल्याच्या पायरीवर खैरनार बसले होते, मान वर करून, कान आमच्या उघड्या दाराकडे लावून.

"अहो, गेला नाहीत?"

"निघालोच आहे सर." ते गडबडले. "हेतलबेन वाचल्या का?"

"वाचल्या."

"बरं झालं." मग पायरीकडे बघत म्हणाले, "अथालला खोली आहे माझी. बायको, पोरगी शिरपूरला. बाकीचे दिवस कारखान्यात माणूस बोलतं तरी. रविवारी खोलीवर कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. इथे मेलं की तिकडे जावं लागतं ना, म्हणून तो बुटका."

दीड वर्ष मी या माणसाला राक्षस घालून घालून घरी हाकलायला बघत होतो!

"चला वर."

"नको सर. नियम आहे. लिखित आहे."

"काय लिखित आहे?"

"जो मेला, त्याने घरी जायचं."

"बरोबर. कुणाच्या घरी, ते लिखित आहे?"

खैरनार थबकले. बॉबिन तपासावं तसं डोळे बारीक करून त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. दोनदा.

"नाही," म्हणाले. "मोठी खोट आहे सर तुमच्या नियमात."

आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले, माझ्या हातातला डबा घेतला आणि माझ्याआधी जिना चढायला लागले.